हिरव्यातला काटा

“काट्यावर डोळा ठेव. इकडंतिकडं बघायचं नाही,” आबा म्हणाले.

वर्षभरात ते माझ्याशी थेट बोलले असं हे पहिलंच वाक्य. एरवी जे सांगायचं ते स्वयंपाकाच्या मावशींना सांगायचे, मी समोर उभी असले तरी. “त्यांना म्हणावं, पुढचं दार लावून घ्या.” मीही तसंच उत्तर द्यायचे. “त्यांना सांगा, लावलंय.” मावशी बिचाऱ्या एकदा इकडं, एकदा तिकडं बघायच्या.

आबा म्हणजे माझे सासरे. कोल्हापुरात उद्यमनगरात त्यांचं मशीनशॉप होतं. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. घरात आम्ही दोघंच उरलो होतो, कारण माझा नवरा धैर्यशील वर्षापूर्वी वर्कशॉपमध्ये आबांशी कडाक्याचं भांडून पुण्याला निघून गेला होता. जाताना मला म्हणाला, “आबांनी सांगितलंय, परत या घरात पाऊल ठेवायचं नाही. त्यांचा राग उतरला की येईन. तोवर त्यांना एकटं सोडू नकोस.” म्हणून मी थांबले होते. शाळेत चित्रकला शिकवायची, घरी येऊन त्या माणसासमोर न बोलता जेवायचं. आबांचं मत होतं की माझ्यामुळं त्यांचं पोरगं घराबाहेर पडलं. ते त्यांनी नातेवाइकांत बोलून दाखवलं होतं आणि माझ्या कानावर येईल याचीही सोय केली होती.

आणि आता मे महिन्यातल्या त्या सकाळी आम्ही दोघं खांद्याला खांदा लावून एका बिनटपाच्या गाडीत बसलो होतो.

गाडी धैर्यशीलची, आबांच्या शेडमध्ये त्यानं स्वतः बांधलेली. पन्नाससाठ वर्षांपूर्वीच्या एका जर्मन रेसच्या गाडीची हुबेहूब नक्कल. फायबरची चंदेरी बॉडी, दोनच सीटा, आणि सीटांच्या मागं जुन्या बीटल मोटारीचं इंजिन. त्या इंजिनाला पाणी नसतं, रेडिएटर नसतो. पंखा हवा फेकतो आणि त्या हवेवरच ते गार राहतं. हवा कमी पडली की इंजिनाचा वरचा भाग, ज्याला हेड म्हणतात, तो तापतो आणि आतल्या आत जळून जातो. बाहेर ना वाफ, ना खळखळ. म्हणून हेडचं तापमान दाखवणारा एक काटा धैर्यशीलनं बसवला होता. हिरवा, पिवळा, लाल असे तीन पट्टे. समोर जागा नव्हती म्हणून तो माझ्या बाजूला, गुडघ्याच्या वर होता. आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. रस्ता दिसायचा, पण तेवढी बारीक तबकडी दिसायची नाही.

धैर्यशीलनं फोन करून सांगितलं होतं, “पाचगणीला अशा गाड्यांचा मेळावा आहे. आबा, तुम्ही गाडी घेऊन या. काटा बघायला हेमांगीला आणा. मी वर भेटतो.” आबा का तयार झाले ते त्यांनी सांगितलं नाही. मी का तयार झाले ते मला माहीत होतं. वर्षभरानं नवरा समोर दिसणार होता, आणि त्याच्यासमोर मला आबांना एकदा विचारायचं होतं, पोराला घरात का घेत नाही म्हणून.

आबांनी किल्ली फिरवली. काटा उठला आणि हिरव्या पट्ट्याच्या मध्यावर जाऊन बसला. इंजिन पाठीशी भडभडायला लागलं.

“कुठं आहे?”

“हिरव्यात.”

“नुसतं हिरव्यात म्हणू नको. हिरव्यात कुठं?”

“मध्यावर.”

हायवेला लागल्यावर वाऱ्यानं आणि आवाजानं बोलणं अशक्य झालं, ते बरंच झालं. आबा हात वर करायचे, मी ओरडून सांगायचे, “मध्यावर.” कराडच्या पुढं ऊन डोक्यावर आलं. ट्रकवाले वाकून बघत होते. मोटारसायकलवरची पोरं शेजारी येऊन फोटो काढत होती. आबांना ते आवडत होतं. चेहरा तसाच लाकडी, पण मान ताठ झाली होती.

साताऱ्याजवळ रसवंतीवर थांबलो. आबांनी दोन ग्लास सांगितले आणि माझा ग्लास टेबलावर माझ्यापासून लांब ठेवला, म्हणजे मला उठून घ्यावा लागेल असा.

“एवढ्या उन्हात काटा हलला नाही,” ते गाडीकडं बघत म्हणाले. माझ्याशी बोलत होते की रसवाल्याशी, कळलं नाही. “पहिल्यांदा नुसती तापत होती. शहराबाहेर नेली की लालच्या वर. मी म्हटलं होतं, काटा लालच्या खाली राहिल्याशिवाय ही गाडी शेडबाहेर न्यायची नाही. तीन महिने रडत होता. मग एका रात्रीत दोष काढला पोरानं. दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं, तर जमलं नसतं.”

मला तो दिवस आठवत होता, तो घर सोडून जायच्या थोडाच आधीचा. सकाळी धैर्यशीलनं आबांना बोलावलं, मला सीटवर बसवलं. पन्हाळ्याच्या पायथ्यापर्यंत जाऊन आलो, काटा मध्यावर. आबांनी शेडमध्ये सगळ्या कामगारांसमोर त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आमच्या लग्नानंतर सहा वर्षांत मी तसं एकदाच पाहिलं. त्या संध्याकाळी धैर्यशील जेवला नाही. मला वाटलं, आनंदानं.

“असलं पोरगं घर सोडून जातं,” आबा म्हणाले, “म्हणजे घरात काहीतरी असणार.”

“वर्कशॉपमध्येही असू शकतं काहीतरी,” मी म्हणाले.

त्यांनी ग्लास खाली ठेवला. “शाळेतल्या पोरींशी बोलतीस तसं माझ्याशी बोलायचं नाही.”

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. धैर्यशील होता. आबा फोन घेऊन लिंबाखाली गेले, पाठ फिरवून बोलले. ते आले आणि लगेच माझा वाजला.

“कुठवर आलात?” धैर्यशीलनं विचारलं.

“सातारा.”

“काटा?”

“हिरव्यात. हलत नाही.”

“चिडलेत का?”

“चिडलेलेच आहेत.”

“तू बोलू नकोस. ऐक, घाटात ते गाडी रेटतील. त्यांना ही गाडी धड पोचायला नकोच आहे. माझं काही चांगलं झालेलं बघवत नाही त्यांना. तू फक्त काटा बघ.”

“आणि तू घरी कधी येणार?”

“ते येऊ देतील तेव्हा. माहितीये ना तुला, काय म्हणालेत ते.”

मी फोन ठेवला. आबा माझ्याकडं बघत होते. त्यांच्या नजरेत रोजचा राग होताच, शिवाय आज एक संशय होता. चोर पकडायला बसलेल्या माणसासारखा.

वाईत पोचलो तेव्हा दुपार चढली होती. गाव ओलांडलं आणि पसरणीचा घाट सुरू झाला. सुट्टीचे दिवस, पर्यटकांच्या गाड्यांची रांग, त्यातून हळूहळू वर. मागं एक एसटी चिकटली होती. वेग कमी, चढ जास्त, वारा नाही. माझी पाठ भाजायला लागली.

“काटा?”

“मध्यावर.”

एक वळण गेलं.

“काटा?”

“मध्यावरच.”

“वास येतोय.”

“कसला?”

“तेल तापल्याचा. नीट बघ.”

“नीटच बघतीये.”

“पिवळ्यात असेल तर सांग. लपवू नको.”

“मी कशाला लपवू? मध्यावर आहे म्हटलं ना.”

आबांनी नाक वर करून पुन्हा वास घेतला. ते थांबायला जागा शोधत होते. डाव्या हाताला डोंगर, उजवीकडं समोरून येणाऱ्या गाड्या, मागं एसटी. “तू मध्यावर म्हणतीस,” ते म्हणाले, “चल. तुझ्या शब्दावर चल.”

पुढच्या वळणावर इंजिनातून खडखड ऐकू आली, डब्यात खडे हलवावेत तशी. मग गाडीतला दम गेला. आबांनी खालचा गिअर टाकायला क्लच दाबला आणि इंजिन बंद पडलं. गाडी मागं सरकायला लागली. बीटलचे जुने ब्रेक दाबून धरले तरी सरकत होती. हँडब्रेक ओढला तर तो हातात नुसताच वर आला. एसटीचा हॉर्न कानाशी वाजत होता. गाडीचं तोंड वळायला लागलं, मागचं टोक दरीकडच्या कठड्याच्या दिशेनं.

“उडी मार,” आबा म्हणाले. आवाज चढला नव्हता त्यांचा.

मी उडी मारली. रस्त्याच्या कडेला कुणीतरी टायरखाली लावून टाकलेला दगड पडला होता. तो दोन्ही हातांनी उचलला, मागच्या चाकाखाली ढकलला. चाक त्यावर थोडं चढलं आणि थांबलं. कठडा हातभर लांब होता. आबांचे दोन्ही पाय अजून पॅडलवर होते.

लोक उतरले, गाडी ढकलून कडेला घेतली. मागचं झाकण उघडलं तर उष्णतेची लाट तोंडावर आली. एक पर्यटक पाण्याची मोठी बाटली घेऊन धावत आला.

“पाणी नाही,” आबांनी त्याचा हात धरला. “तापलेल्या धातूवर गार पाणी? तडा जाईल. बाजूला व्हा.”

लोक पांगले. मग आबा माझ्याकडं वळले.

“काटा कुठं होता?”

“मध्यावर.”

“खोटं बोलतीस.”

“आबा, मी—”

“हे इंजिन जळालंय. अर्ध्या तासापासून तापत असणार. आणि तू मला मध्यावर सांगतीस? मला धैर्या म्हणाला होता. हिच्या बोलण्यावर जाऊ नका, ही काटा खरा सांगेलच असं नाही, म्हणाला. हिला गाडी पोचायला नकोय. मी म्हटलं, एवढं विष कुणात नसतं.”

मी म्हणाले, “हेच त्यानं मला तुमच्याबद्दल सांगितलं. तासाभरापूर्वी. साताऱ्यात.”

“आता त्याच्यावर ढकल.”

आबा कठड्यावर जाऊन बसले. मी डोंगराच्या बाजूला दगडावर. मधून गाड्या जात राहिल्या. खाली धोम धरणाचं पाणी उन्हात पांढरं दिसत होतं. आबांनी दोनतीनदा उठून इंजिनाला हात लावून पाहिला आणि पुन्हा जाऊन बसले. एकदा खाली वाकून बराच वेळ बघत राहिले.

“रबराची पट्टी नाही,” ते स्वतःशीच म्हणाले. “इंजिनाच्या कडेनं लागते. ती नसली की खालची गरम हवा वर येते आणि पंखा तीच परत ओढतो. त्याला सांगितलं होतं मी. घातली म्हणाला.”

सावल्या रस्त्यावर आल्या तेव्हा त्यांनी हेडवर तळहात टेकवून धरून पाहिला. गार झालं होतं. मग सीटवर बसून किल्ली फिरवली. स्टार्टर कण्हला, इंजिन जागचं हललं नाही.

मी बाजूला उभी होते. माझी नजर सवयीनं तबकडीकडं गेली.

“आबा, किल्ली बंद करा. आता परत फिरवा.”

“कशाला? गेलंय ते.”

“इंजिन चालू नका करू. नुसती फिरवा.”

त्यांनी फिरवली. काटा उठला आणि हिरव्याच्या मध्यावर जाऊन बसला.

“इंजिन गार आहे ना?” मी विचारलं.

“आहे.”

“मग काटा मध्यावर कसा आहे?”

आबांनी बोटानं तबकडीची काच ठोकली. मग म्हणाले, “खाली असायला पाहिजे.”

“तो दरवेळी असाच वर येतो. किल्ली फिरवली की लगेच. मला वाटलं, असाच असतो.”

“केव्हापासून?”

“त्यानं दोष काढला त्या दिवसापासून.”

आबा गाडीतून उतरले. मागं जाऊन वाकले, हात आत घातला. हेडमध्ये तीन नंबरच्या प्लगाखाली एक तांब्याची चकती बसते, तिच्या तारेवर काटा हलतो, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. तेव्हा त्यांनी फक्त एक तार बाहेर ओढली. तिचं टोक कापून टेप गुंडाळलेला होता. मग पुढं येऊन ते माझ्या सीटच्या खाली आडवे झाले, त्या वयात, पाय रस्त्यावर. तबकडीच्या मागं बोटं फिरवली. बाहेर आले तेव्हा हातात तांदळापेक्षा थोडा मोठा, रंगीत पट्ट्यांचा एक तुकडा होता, दोन्ही बाजूंना तार असलेला.

“रेझिस्टन्स,” ते म्हणाले. “किल्लीच्या तारेवरून काट्याला जोडलाय. इंजिन बर्फात ठेवलं तरी एवढंच दाखवणार, चुलीवर ठेवलं तरी एवढंच.”

त्यांनी तो तळहातावर धरला होता. टाकतही नव्हते, खिशातही घालत नव्हते.

मी विचारलं, “तुम्ही त्याला घरात पाऊल ठेवू नको का म्हणालात?”

“कोण? मी?”

“जाताना मला तसंच सांगून गेला.”

“मला म्हणाला, हेमांगी आहे तोवर मी घरात पाऊल ठेवणार नाही. तिला माहेरी पाठवा म्हणाला. मी म्हटलं, बायको तुझी आहे, घालवायची तर तू घालव. मी घालवणार नाही.”

“हे मला कधी सांगितलं नाहीत.”

“तू कधी विचारलंस?”

“तुम्ही माझ्याशी बोलत होता का?”

त्यांनी तो तुकडा मुठीत मिटला.

आम्ही पोचलो नाही म्हणून धैर्यशील वरून शोधत आला तो दुसऱ्या कुणाच्या तरी मोठ्या गाडीत. सोबत साठीचे एक गृहस्थ होते, पांढरी टोपी घातलेले. पोंक्षे म्हणून ओळख करून दिली. पाचगणीत त्यांचं हॉटेल होतं. गाडी ते विकत घेणार होते, सगळं ठरलेलं होतं. मला ते तिथं, त्या वळणावर कळलं. आबांचा चेहरा पाहिला, त्यांनाही तिथंच कळलं.

धैर्यशील बारीक झाला होता, केस वाढले होते. त्यानं आधी गाडीकडं पाहिलं, मग आबांकडं, मग माझ्याकडं.

“हेमांगी, तुला सांगितलं होतं ना काटा बघ म्हणून?” तो म्हणाला. मग पोंक्ष्यांकडं वळून हसला. “घाटात जरा रेटली वाटतं. आबांना सवय नाही हो या इंजिनाची. किरकोळ असेल. वर नेऊन उघडतो.”

“गाडी तर सुरेख आहे,” पोंक्षे बॉडीवरून हात फिरवत म्हणाले. “आणि तुम्ही कोल्हापूरपासून चालवत आणलीत म्हणजे भरवशाची असणारच. काय हो, तापमान वगैरे नीट राहतं का घाटात?”

धैर्यशील आबांकडं बघत होता. मीही. माझी खात्री होती की आबा हो म्हणतील. चारचौघांत पोराची मान खाली जाईल असं ते बोलायचे ते वर्कशॉपमध्ये, परक्या माणसासमोर नाही.

आबांनी पोंक्ष्यांचा हात धरला, उपडा होता तो उताणा केला आणि त्यावर तो रंगीत तुकडा ठेवला.

“हा तुमचा काटा,” ते म्हणाले. “ही बाई सकाळपासून खरं सांगत होती. काटा खोटा होता. इंजिन जळालंय. गाडी घेऊ नका.”

पोंक्षे तुकड्याकडं बघत राहिले. त्यांना सगळं कळलं की नाही कोण जाणे, पण ते दोन पावलं मागं सरले आणि त्यांच्या गाडीजवळ जाऊन उभे राहिले.

धैर्यशील पुढं आला. मला वाटलं ओरडेल. तो हळू आवाजात बोलला, म्हणून जास्त लागलं.

“लालच्या खाली काटा पाहिजे म्हणालात. दिला. इंजिन गार पाहिजे असं कधी म्हणाला होतात? तीन महिने मी त्या शेडमध्ये मरत होतो, तुम्ही रोज येऊन फक्त विचारायचात, काटा कुठं आहे. तुम्हाला पाहिजे होता तिथं नेऊन ठेवला.”

आबांनी गाडीचं मागचं झाकण लावलं.

“आणि मला?” मी विचारलं. “मला काय पाहिजे होतं म्हणून तू हे सगळं सांगितलंस?”

त्यानं माझ्याकडं पाहिलं. “तू थांबावंस म्हणून,” तो म्हणाला. “आबांजवळ कुणीतरी पाहिजे होतं. आणि मला निघायला कारण.”

“चल,” आबा मला म्हणाले.

खाली येणाऱ्या एसटीला हात केला, ती थांबली. धैर्यशील गाडीजवळ उभा होता. त्यानं हाक मारली नाही. आम्ही वळून पाहिलं नाही.

त्यानंतर काय काय झालं ते थोडक्यात सांगण्यासारखं आहे. मी कायद्यानं वेगळी झाले. शाळेजवळ राजारामपुरीत खोली घेतली. आबांनी सामान न्यायला वर्कशॉपचा टेम्पो पाठवला, स्वतः आले नाहीत. आमचं एकमेकांशी कधीच जमलं नाही. त्यांना माझं तोंड चालणं आवडायचं नाही, मला त्यांचं कुणालाही माणसात न धरणं. पण डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्यात त्यांच्याजवळ मी होते, आणि तिथंही आम्ही भांडलो.

घाट उतरलो त्या संध्याकाळी वाईच्या स्टँडवर कोल्हापूरची गाडी मिळाली. शेजारी शेजारी बसलो, दुसरी जागा नव्हती. गाव मागं पडेपर्यंत आबा समोरच्या सीटच्या पाठीकडं बघत होते.

“त्या दिवशी मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता,” ते म्हणाले.

“मी बघितलं होतं.”

“तेव्हा त्याला माहीत होतं.”

“हो.”

“हात ठेवताना त्याचा खांदा आक्रसला. मला वाटलं, सवय नाही म्हणून.”

बस हायवेला लागली, वारा आत यायला लागला. आबांनी घसा साफ केला.

“खिडकी लाव. धूळ येतीय.”

“उकडतंय.”

“मी लाव म्हणतोय.”

“तुम्ही म्हणताय म्हणून लावायची नाही.”

“मग कुणी म्हटल्यावर लावशील?”

“कुणीच म्हटल्यावर नाही.”

पुढच्या सीटवरची बाई वळून बघायला लागली. आबांनी माझ्यावरून हात लांब करून काच ओढली. मी परत उघडली. सातारा येईपर्यंत आम्ही त्या खिडकीवरून भांडत होतो.